नव्या नळीची फटफटी

लग्नानंतर आम्ही देवळीला बिऱ्हाड केलं. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते आणि हे शाळेत विज्ञान शिकवायचे. आसपासच्या खेड्यांतली बाळंतपणं माझ्याकडे असत. मला तिथवर पोचवायचं काम यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यासाठीच त्यांनी लष्करातून निघालेली एक जुनी फटफटी मिळवली होती. रंग हिरवा, अंगानं म्हशीसारखी जड. मागच्या बाजूला त्यांनी माझ्यासाठी कापसाची गादी शिवून घेतली होती. औषधांची पेटी मांडीवर घेऊन, एका अंगाला पाय सोडून मी बसायची आणि आम्ही निघायचो.

एका हिवाळ्यात, बैलबंडीच्या चाकोरीत फटफटी आपटली आणि सायलेन्सर तुटून पडला. तसा दुसरा वर्ध्याला मिळेना, नागपूरलाही मिळेना. यांनी लोहाराकडून एक सरळ नळी करून आणली आणि तीच बसवली. आत काही नाही, नुसती पोकळ.

मग काय आवाज! आम्ही नाल्याच्या अलीकडे असतानाच गावाला कळायचं. "नर्सबाई येऊन राह्यल्या," म्हणत बाया चुलीवर पाणी ठेवायच्या. मला ती सोय वाटली आणि यांना तर फारच अभिमान वाटला.

पण फटफटीची चाल बदलली होती. चढ आला की मध्येच दम टाकायची. उतारावर वेगाची मूठ सोडली की नळीतून बंदुकीसारखे बार निघायचे आणि समोरचे बैल बुजायचे. इंजिन इतकं तापायचं की माझ्या पायाला झळ लागे.

"हिचं कायतरी बिघडलं," मी म्हटलं.

"काई नाई बिघडलं. नळी मांगं हाय, इंजिन समोर हाय. मांगं नळी बदलली तर इंजिनले काय फरक पडते?"

"चोंदलेलं नाक मोकळं झालं, तर माणसाचा श्वास बदलते का नाई?"

"फटफटीले नाक नसते," ते म्हणाले आणि हसले. विषय तिथंच राहिला.

मग एका दुपारी लांबच्या खेड्यातून बोलावणं आलं. पहिलटकरीण होती, सकाळपासून अडली होती. आम्ही लगेच निघालो. नाल्याचा चढ अर्धा चढलो आणि फटफटीनं मान टाकली. यांनी किका मारमारून पाहिलं. इंजिन नुसतं तापून बसलं होतं. तेवढ्यात कापूस भरलेली एक बंडी त्याच वाटेनं आली. "बसा बाई," गाडीवान म्हणाला, आणि मी पेटीसकट कापसावर चढले. मागं पाहिलं तर हे त्या जड फटफटीला ढकलत चढावर येत होते.

मी वेळेत पोचले. दिवस कलताना मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. हे आले तेव्हा अंगणात सगळे आनंदात होते, पण यांचा चेहरा उतरलेला. बाळंतिणीच्या आईनं चहा हातात दिला, तो तसाच निवून गेला.

"बंडी आली नसती तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"आली ना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच त्यांनी इंजिनाचा प्लग काढला आणि आम्ही दोघं अंगणात उकिडवे बसून तो पाहू लागलो. पूर्वी त्याचं टोक चहाच्या रंगाचं असे. आता चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. ते बराच वेळ प्लग बोटात फिरवत राहिले.

"धूर आता सपाट्यानं बाहेर जाते. त्याच्यामुळं हवा जास्त ओढल्या जाते. पेट्रोल मात्र आधी होतं तेवढंच. उपाशी चालून राह्यली ते, म्हणून तापते."

"म्हणजे नाकच."

"हो व माय, नाकच!"

कार्बुरेटरात, म्हणजे जिथं हवा आणि पेट्रोल मिसळतं तिथं, एक सुई असते. ती वर उचलली की पेट्रोल वाढतं. त्यांनी ती भरपूर उचलली, तर काळा धूर निघून सगळी आळी खोकायला लागली. मग थोडी खाली घेतली. आता चालत्या फटफटीचा आवाज ऐकायला हवा होता. पण चालवणाऱ्याच्या कानात वारा भरतो.

"तू चालव. मी सडकेवर उभा राहून ऐकतो," ते म्हणाले.

"मी?"

"मंग कोण?"

वर्ध्याच्या सडकेवर यांनी मला मूठ, गिअर, ब्रेक दाखवले; मी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि बसले. हे गादी धरून सोबत पळाले, मग त्यांनी हात सोडला. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. "अवं, नर्सबाई एकटीच चालली!" कोणीतरी ओरडलं. चढ आला, आणि फटफटी कुठंही दम न टाकता वर गेली. मला ते अंगाखाली जाणवत होतं. भीती केव्हाच गेली होती. थांबायचं कसं ते मात्र मी साफ विसरले होते. शेवटी मूठ सोडली, तशी फटफटी हळूहळू मंदावली आणि मला घेऊन तुरीच्या बांधावर कलंडली.

हे धापा टाकत आले. आता रागावतील असं मला वाटलं.

"मूठ सोडली तवा मले बार ऐकू नाई आला. तुले आला का?"

"नाही."

"चढावर?"

"चांगली ओढत होती."

ते बांधावर बसले आणि पोट धरून हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या खरचटलेल्या कोपराकडे गेलं आणि त्यांची अशी धांदल उडाली की आयोडिन माझ्या कोपरापेक्षा त्यांच्याच सदऱ्यावर जास्त सांडलं.

पुढं कोणी विचारलंच, "गुरुजी, नळी बदलली तर इंजिनले हात लावा लागते का?" तर ते म्हणत, "चालवून पाहा, मंग प्लग पाहा. पांढरा पडला असन तर लावाच लागते. अन् ऐकाले एक माणूस बाहेर उभा ठेवजो."

यांची शाळा असेल त्या दिवशी मी एकटीच फटफटी घेऊन खेड्यांत जायला लागले. परत आले की हे ओट्यावर चहा मांडून बसलेले असत. साखर नेहमी जास्त पडलेली असायची. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायची.