ताईच्या शेजारची जागा

आमच्या चर्चच्या मंडळीत उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी दुपारी प्रीतिभोजन असते. आधी पाय धुणे, मग सगळ्यांचे मिळून साधे जेवण, मग भाकर आणि द्राक्षरस. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बाकांवर ओळीने बसतात. पहिली बाई कमरेला पंचा बांधते, शेजारणीचे पाय घमेल्यात धुते, पुसते, तिला उठवून मिठी मारते आणि पंचा तिच्या कमरेला बांधते. मग ती पुढच्या बाईचे पाय धुते. असे टोकापर्यंत. म्हणजे आपण कुणाचे पाय धुणार हे आपण कुठे बसतो त्यावर ठरते.

सहा वर्षे मी त्या ओळीत डोके चालवून बसले. माझी थोरली बहीण, ताई, येऊन बाकावर टेकेपर्यंत मी दारात चपलांशी खेळत राहायची. ती बसली की मध्ये तीन-चार बायका सोडून जागा धरायची. पुढचा माणूस काय करणार हे मला आधीच दिसते, त्यावर तर माझे पोट आहे.

आम्ही दोघी तलासरीकडच्या एका पाड्यावर वाढलो. ती शिकली, शिक्षिका झाली, तलासरीतच घर बांधले. मी आठवीत शाळा सोडली. डहाणू स्टेशनबाहेर जमिनीवर गोणपाट टाकून चिकू विकायला बसले. आज चिखले गावातल्या चार चिकूवाड्यांचा माल मी उचलते. सीमेपलीकडचे गुजराती व्यापारी मला बेन म्हणतात आणि भावाचे बोलणे काढायच्या आधी चहा मागवतात, कारण माझा आवाज चढला की रस्त्यावरची माणसे थांबून बघतात. हे सगळे मी कुणाच्या मदतीशिवाय केले आणि ते सांगायची एकही संधी मी सोडत नसे.

तर हे सुरू झाले त्या हंगामाच्या सणाची गोष्ट. त्या दिवशी जो तो आपल्या पिकातले पहिले काहीतरी आणतो. कुणी भात, कुणी मिरच्या, कुणी कोंबडा. प्रार्थना झाली की सगळ्याचा चर्चच्या आवारात लिलाव होतो. मी चिकूची टोपली नेली होती.

टोपली भरायची आमची एक पद्धत आहे. बारीक माल खाली, मोठा वर. बाजारात हे घेणाऱ्यालाही माहीत असते, तो तळ धरूनच भाव करतो. यात फसवणूक नाही असे मी आजही भांडून सांगेन. पण ती टोपली बाजारात जायची नव्हती, वेदीपुढे ठेवायची होती. ती मी स्वतः भरली. हात सवयीने चालले, असे मी नंतर कितीतरी वर्षे स्वतःला सांगितले. हात काही आपोआप चालत नाहीत. दोन बारके चिकू मी उचलले, डोळ्यांसमोर धरले आणि खाली सरकवले.

लिलावात ती टोपली ताईनेच घेतली. घेतली आणि तिथेच ताडपत्रीवर उपडी केली. वरचे चिकू खाली गेले, खालचे वर आले. सुपारीएवढे.

“काय गं,” ती शाळेत मुलांना विचारायची तशा आवाजात म्हणाली, “देवाला पण वरचाच थर?”

लोक हसले. कुणीतरी म्हणाले, “बेन, देवाकडे तरी काटा सरळ ठेवा!” आणखी हसले. माझ्या कानांतून वाफ निघाली.

“मी नाही भरली,” मी म्हणाले. “कामावरच्या बाईने भरली. उद्याच काढते तिला.”

आणि दुसऱ्या दिवशी मी तिला खरेच काढले. कैनाड गावची बाई. अकरा वर्षे माझ्याकडे चिकू निवडायला येत होती. खोटे बोलले होते, ते उभे राहायला टेकू हवा होता. तिला मी कारणही सांगितले नाही. “उद्यापासून येऊ नको” एवढेच.

त्यानंतर मी ताईशी बोलले नाही. माझे एकच म्हणणे होते. तिने मला बाजूला घेऊन सांगायला हवे होते. सख्खी बहीण चारचौघांत अब्रू काढते? हे वाक्य मी टेम्पोत, वाडीत, स्वयंपाक करताना मनात घोळवायची. त्याला इतकी धार लावली की त्याच्या मागे काय झाकले आहे ते मलाच दिसेनासे झाले.

पण एक गोष्ट गेली. ती कधी गेली ते कळलेसुद्धा नाही. आधी मी पहाटे वाडीकडे जाताना भजने म्हणायची. आवाज काही गोड नाही, टेम्पोवाला वैतागायचा. “बाय, चिकू पिकतील वाटेतच!” म्हणायचा. आतून काहीतरी भरून आल्यासारखे व्हायचे आणि ते तोंडावाटे बाहेर पडायचे, बस. ते थांबले. रविवारी चर्चमध्ये ओठ हलत. डोळे मिटले की ताडपत्रीवरचे चिकू दिसत. धंदा वाढला, मी प्रत्येक सौदा जिंकत होते, आणि घरी येऊन नुसती बसून राहायची. देवाला म्हणायची, ताईला आधी माझ्याकडे पाठव, मग बघू. माझी ही शेवटची किंमत होती आणि समोरून काही उत्तर येत नव्हते.

प्रीतिभोजनाच्या आठवड्यात मंडळीचे सेवक घरोघर फिरतात आणि प्रत्येकाला एकच विचारतात. आमच्याकडे एक म्हातारे काका यायचे. ओटीवर बसून विचारायचे, “बाई, विश्वासात आहात ना? सगळ्यांशी शांती आहे ना?”

“आहे, काका. चहा घ्या.”

सहा वर्षे मी हेच उत्तर दिले आणि जाऊन भाकर घेतली.

गेल्या वर्षी थंडीत कळले की ताईचा उजवा पाय काढला. साखर होतीच, टाचेला जखम झाली आणि वाढत गेली. मी गेले नाही. चिकूचा एक खोका पाठवला. तळापासून वरपर्यंत एकसारखा माल, एकेक फळ हाताने पारखून भरलेले. भाचा रेल्वेत आहे, डहाणूला कामावर येतो. तो रिकामा खोका परत घेऊन आला.

“आई काय म्हणाली?”

तो अवघडला. “म्हणाली, तळ बघितला. ठीक आहे.”

मी त्याच्यासमोरच तो खोका लाथेने उडवला. तो गेल्यावर मात्र मला रडू आले. रागाने आले असे वाटले होते. पण ते थांबेना, तेव्हा कळले की रागाचे नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या त्या जुन्या राजाची प्रार्थना वाचली. दुसऱ्याची बायको घेऊन, तिच्या नवऱ्याला मारून, वर्षभर गप्प बसलेला राजा. तो देवाकडे नवा आनंद मागत नाही, गेलेला परत मागतो. आणि परत मागताना कुणाचेही नाव पुढे करत नाही. मी केले, एवढेच म्हणतो. मी मागच्या बाकावर बसले होते. वाचन संपल्यावर सगळे उठले, मी बसूनच राहिले.

मंगळवारी काका आले. तोच प्रश्न.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी कप बशीत ठेवला. “कुणाशी नाही?”

“बहिणीशी. आणि कैनाडच्या एका बाईशी.” मग मी सुरू झाले, ताईने टोपली कशी उपडी केली, लोक कसे हसले.

“ते मी तिथेच उभा राहून बघितलंय,” काका म्हणाले. “त्याच्या आधीचं सांगा.”

“मी भरली होती,” मी म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या कानांनी ऐकले. मग लगेच जोडले, “पण काका, ताईनेही माफी मागायला नको का?”

“तो त्यांचा माल आहे. त्यांचा त्या उतरवतील. तुम्ही तुमचा उतरवा.” ते उठले. “परवा प्रीतिभोजन आहे. मधला एक दिवस आहे तुमच्याकडे.”

बुधवारी मी कैनाडला गेले. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मला बघून उठली नाही.

“ती टोपली मी भरली होती,” मी उभ्या उभ्याच सांगितले. “तुझं नाव खोटं घेतलं.”

“माहीत हाय. मी नाय भरली ते मला नाय माहीत, तर कोणाला?”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“कोणाला बोलू? तुझ्या देवळात माझं कोण होतं?”

मी म्हणाले, परत कामाला ये. ती म्हणाली, नाय, दुसऱ्या वाडीवर जाते आता. तिथं फक्त निवडते, टोपली भरत नाय, मालकाला आधीच सांगून ठेवलंय. मी विचारले, मला माफ केलंस का? तिने सूप खाली ठेवले, आत जाऊन तांब्या आणला.

“पाणी पी, बाय. ऊन हाय.”

मी प्यायले आणि निघाले. तिने माफ केले की नाही ते मला आजही माहीत नाही.

गुरुवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. भाच्याने ताईला चाकांच्या खुर्चीतून आणले आणि खुर्ची बायकांच्या ओळीच्या टोकाला लावली. किती वाळली होती. लुगड्याचा उजवीकडचा घोळ खुर्चीवर सपाट पडला होता. मी जागेवरून उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

ताईने समोरच बघत म्हटले, “जागा चुकली तुझी.”

“नाही चुकली.”

“मीही मोजूनच बसायची,” ती म्हणाली. “तू दारात चपला लावत बसायचीस, दिसायचं मला. मी मुद्दाम सावकाश यायची.”

पंचा फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. माझे पाय कुणी धुतले ते मला आठवत नाही. मी घमेले घेऊन ताईपुढे गुडघ्यांवर बसले. तिचा पाय हातात घेतला. थंडगार होता, टाच भेगाळलेली.

“ताई, टोपली मी भरली होती. त्या बाईने नाही.”

“तेव्हाच माहीत होतं मला. तुझ्या हातचा थर मी ओळखत नाही का?”

मी पुढे काहीतरी ऐकायची वाट बघत होते, खोटे कशाला बोलू. बाजूला घेऊन सांगायला हवं होतं गं, एवढे जरी ती म्हणाली असती. ती म्हणाली नाही. ती खाली बघत म्हणाली, “सहा वर्षं लागली तुला. तेव्हा दोन होते.”

मी पाणी घालत होते तो हात थांबला. सहा प्रीतिभोजने. दरवर्षी दोन पाय माझ्यापासून चार बायकांच्या अंतरावर होते. ते मी कुठल्या देवाकडून, कुठल्या तोंडाने परत मागणार होते? मी त्या एका पायावर डोके टेकवले आणि ढसाढसा रडले. सगळ्या बायकांसमोर, पाळकबाईंसमोर. नंतर पाय धूत राहिले. धुऊन झाला तरी धूत राहिले.

“पुरे,” ताई कुजबुजली. “साल काढतेस काय? चिकू आहे का तो?”

मी हसले. नाकातून पाणी वाहत होते आणि मी हसले, जोरात, चर्चमध्ये. आणि त्या हसण्याच्या खालून, कितीतरी दिवसांनी, ते आतून भरून येणारे वर आले. मी मनात म्हणाले, प्रभू, हेच. हेच ते. मी पाय पुसला. तिला उठता येत नव्हते म्हणून मी वाकले. तिने माझी मान दोन्ही हातांनी अशी धरली की मला श्वास घेता येईना, आणि सोडेना.

पुढे साडेचार महिने मला ताई मिळाली. दर रविवारी उपासना झाली की डहाणूहून तलासरीची बस पकडायची. आम्ही भांडायचोही. टोपलीवरूनही भांडलो. “खरं होतं ना?” एवढेच तिचे उत्तर. शेवटपर्यंत तिने त्याबद्दल माफी मागितली नाही, आणि एका रविवारी माझ्या लक्षात आले की मी ती मागायचे थांबवले आहे.

शेवटच्या रविवारी तिने नखे काढून मागितली. पाचच होती, पण मी फार वेळ लावला. दुसऱ्या पायाचीही जखम काळी पडायला लागली होती. तिला ते ठाऊक होते, मलाही.

“घाबरलीस?” तिने विचारले.

“हो.”

“मी पण,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पण आता एकटी नाही घाबरत.”

त्याच आठवड्यात ती गेली.

त्या रविवारी तिच्या घरून निघून मी हायवेवर बसची वाट बघत उभी होते. पदराने डोळे पुसत होते, ते पुन्हा भरत होते. ती जाणार हे कळत होते. सहा वर्षे मी फुकट घालवली हेही कळत होते आणि ते दुखणे मरेपर्यंत माझेच राहणार होते. तरीही आतमध्ये कुणीतरी शांत बसले होते. ते दुःखाला हटवत नव्हते. त्याच्या शेजारी जागा करून बसले होते. मी त्याला काही मागितले नाही, काही अट घातली नाही. नुसते आभार मानले.

बस आली, पण मला तिथून इतक्यात हलायचे नव्हते. कंडक्टरने दारातून विचारले, “मावशी, चढायचं ना?”

“जा तुम्ही,” मी म्हणाले. “पुढची घेते.”