जास्तीचं ताट

बर दुबईतल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तीन दारं होती. मधलं आमचं. उजवीकडे पोलिश बाई, पन्नाशीच्या. नवरा जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनिअर. डावीकडे एक रशियन मुलगी, तिशीची, एकटी. अबरातून, म्हणजे लाकडी होडीतून, खाडी ओलांडून पलीकडे देऱ्यात रशियन पर्यटकांसाठीच्या फरकोटांच्या दुकानात कामाला जायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

वॉचमनला दोघी सारख्याच. "भाभी, रशियन मॅडम का पार्सल रख लो."

"कौनसी?"

"बडीवाली."

बडीवाली त्याच्या मागेच उभी. "नो रशियन! पोलंड! पोलंड!"

"यस मॅडम, पोलंड," तो अदबीने म्हणाला. "रशिया में ही है ना?"

दोघी माझ्याकडे चहाला यायच्या, पण एका वेळी कधीच नाही. लिफ्टमध्ये एकमेकींना मोडक्या इंग्रजीत 'गुड मॉर्निंग'. खरं तर बाईंना रशियन चांगलं यायचं. शाळेत सक्तीने शिकवलेलं. "तोंडातून काढणार नाही," त्या म्हणायच्या. "पण कान कसे बंद करू?"

त्यांच्या आजोबांना युद्धात रशियनांनी गाडीत कोंबून सायबेरियात नेलं, ते परतलेच नाहीत. आणि त्या मुलीचा आजोबा पोलंडमधलं एक गाव जर्मनांकडून सोडवताना मेला, तिथेच पुरला. "आणि हे लोक आम्हाला बघून तोंड फिरवतात," ती म्हणायची. दोघींचे आजोबा एकमेकींच्या देशात मातीखाली आहेत, हे फक्त मला ठाऊक होतं. मी एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही. चहा गाळायचे.

माझा नवरा खालच्या पाकिस्तानी नानवाल्याशी क्रिकेटवरून रोज वाद घालायचा आणि रोज त्याच्याचकडून नान आणायचा. या दोघी तर भांडतही नव्हत्या.

डिसेंबरात एका दुपारी बाई आल्या. "तिची आई आजारी आहे. फोनवर रडते. तिच्या दाराबाहेर सगळं ऐकू येतं. तिला वाटतं, इथे कुणाला कळत नाही." मग कप फिरवत म्हणाल्या, "चोवीस तारखेला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतो. दारात जो येईल त्याचं."

"आमच्याकडे असं पान गेलेल्यांसाठी वाढतात."

"गेलेल्यांचंही आहेच. पण इतक्या वर्षांत जिवंत कुणी आलेलं नाही. तू तिला सांग. मी बोलावलं तर नाही म्हणेल. तू सांगितलंस तर येईल."

मी हो म्हटलं.

संध्याकाळी ती मुलगी माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. "चोवीसला काय करतेस गं?" मी विचारलं.

"काही नाही. आमचा नाताळ जानेवारीत. टीव्ही बघेन."

पुढचं वाक्य ओठांवर होतं. मी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हटलं, "अजून चहा घेतेस?"

विसरले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. नवरा सकाळी सातला जायचा, आमची लेक शाळेत. माझ्याकडे येणाऱ्या या दोघीच. ती दोन दारं एकमेकांकडे उघडली असती, तर मधल्या दाराशी कोण थांबलं असतं? एवढंच होतं.

चोवीसच्या दुपारी बाईंना सांगितलं, "तिला जमणार नाही म्हणाली."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या गोष्टींत माझं खोटं सहज मावलं.

जानेवारीत त्या रशियन मुलीची आई गेली. ती बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभी होती. मी लाडवांचा डबा घेऊन बाहेर आले. तेवढ्यात बाई आल्या, तिची एक बॅग उचलली आणि तिच्याशी रशियनमध्ये बोलू लागल्या. मुलगी आधी नुसती बघत राहिली, मग तिने बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. लिफ्ट आली, रिकामीच खाली गेली. त्या बोलतच होत्या. मला एक शब्द कळला नाही. मध्येच दोघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी डबा पुढे केला. मुलीने तो घेतला. ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या चहाला आल्या. मी चहा गाळला. पुढच्या डिसेंबरात त्यांनी आम्हालाच जेवायला बोलावलं. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत, ती शोधायला मुलांना गॅलरीत उभं करतात म्हणे; आमची मुलगी एसीच्या डब्यांमधून आकाश शोधत होती. मग टेबल. एक ताट जास्तीचं.

"आंटी, हू इज दॅट फॉर?" मुलीने विचारलं.

"हू एव्हर कम्स," बाई म्हणाल्या.

"बट वी केम!" म्हणत ती त्या खुर्चीवर चढू लागली.

मी तिला दंडाला धरून खाली ओढलं. जोरात. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. "मम्मा, व्हॉट डिड आय डू?"

बाईंनी ते पाहिलं. मग बटाट्यांचं भांडं उचलून माझ्याकडे सरकवलं. मी वाढून घेतलं, आणि जेवले.