आजचं गाढव

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत काम करणाऱ्यांचा. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतले पशुधन पर्यवेक्षक त्यात. गाय अडली, म्हैस फुगली, सुई कुठली द्यायची, असलं एकमेकांना विचारायला तो काढला होता. ॲडमिन मी, धुळ्याच्या कार्यालयातला त्यांचा साहेब. माझ्या नाकावर राग असतो हे बायको सांगते, ग्रुपलाही ते ठाऊक होतं.

त्यात पाचोऱ्याकडचे एक आबा होते. आम्हा सगळ्यांत वयानं मोठे, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी एक रीत पाडली होती. दिवसभरात ज्यानं आपली चूक आपणहून ग्रुपवर कबूल केली, त्याला संध्याकाळी 'आजचं गाढव' हा किताब. वीटभट्टीवरच्या एका गाढवाचा फोटो, गळ्यात झेंडूचा हार, खाली मानकऱ्याचं नाव. पहिला किताब आबांनी स्वतःच घेतला. सात महिन्यांची गाभण म्हैस रिकामी आहे म्हणून सांगून आले होते, ते सगळं त्यांनी मीठमिरची लावून लिहिलं. मग एकेक जण बोलायला लागला. एकाला गाढव मिळालं की त्याखाली आणखी चार जण आपापलं सांगत, आणि कुणीतरी नीट उपायही लिहून टाकी. मलाही ते दोनदा मिळालंय. खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

एके दिवशी धुळ्याच्या एका सहकाऱ्यानं वडील गेल्याचं ग्रुपवर कळवलं. त्याच्या अगदी खाली गाढव येऊन उभं राहिलं, हारासकट. आबांनी फोटो आधीच पाठवला होता, पण ते फिरतीवर होते, तिथे रेंज नव्हती, आणि तो सुटला नेमका त्या वेळी. त्यांनी लगेच पुसला, माफी मागितली, त्या सहकाऱ्याला फोन लावला. पण तो तोवर ग्रुप सोडून गेला होता, फोनही उचलेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आबांना ग्रुपमधून काढलं आणि लिहिलं, 'हा ग्रुप फक्त कामासाठी आहे. ज्याला थट्टामस्करी करायची असेल त्यानं ती आपल्या घरी करावी.' सगळ्यांनी अंगठे दिले. बरं झालं, शिस्त लागली, असं मला वाटलं.

शिस्त लागलीच. परिपत्रकं, लसीकरणाचे तक्ते, 'नोंद घेतली', 'धन्यवाद सर'. प्रश्न आधी कमी झाले, मग बंदच पडले. आपली माणसं तयार झाली, असा अर्थ मी लावला. असला शहाणा मी.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आमच्यातली एक मुलगी नव्यानं लागली होती, वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी तिथे गाय अडली. वासराची मान आत मागे वळलेली. डॉक्टर दुसऱ्या टोकाला गेलेले. तिनं दोन तास खटपट केली, पण मान काही हाताला येईना. फोन जवळ होता, रेंजही होती. गाय गेली, पोटातलं वासरूही गेलं. त्या घरात दुभतं जनावर तेवढं एकच होतं.

पुढच्या आठवड्यात ती माझ्या कार्यालयात आली. मी आवाज चढवूनच विचारलं, "अगं, ग्रुपवर एवढी माणसं आहेत. एकाला तरी विचारायचंस."

ती म्हणाली, "लिहिलं होतं सर. मग पुसलं. तुमच्या परिपत्रकाखाली 'मला जमत नाहीये' असं कसं पाठवू? आबा असते तर पाठवलं असतं. फार तर गाढव झाले असते."

मग तिनं पिशवीतून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. त्या घरातली म्हातारी अजून आपल्याशी बोलत नाही, एवढंच सांगून गेली.

मी पाचोऱ्याला गेलो. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी गाईचं सांगितलं, मुलीचं सांगितलं. परत या, म्हटलं. मी कुणापुढे हात जोडत नाही, पण त्यांच्यापुढे जोडले.

"भाऊ, आते इचारीसन काय फायदा," ते म्हणाले, "बठ्ठं सरी गयं." मग शहरी मराठीत म्हणाले, "सगळं संपलंय आता. त्याचा बाप गेला आणि मी त्याला हार घातलेलं गाढव धाडलं. तो अजून माझा फोन घेत नाही. जोडायचं तर जोडा मला."

मी तिथेच त्यांना ग्रुपला जोडलं. संध्याकाळी धुळ्याला परतल्यावर ग्रुपवर सगळं लिहिलं. आबांना मी का काढलं, मग कुणी काही विचारेनासं कसं झालं, ती मुलगी काय लिहून पुसत होती, गाय कशी गेली. शेवटी लिहिलं, 'आबा, आजचं गाढव मला द्या.'

अंगठे येऊ लागले. एक, दोन, दहा. कुणी एक शब्द लिहीना. मी फोन हातात धरून बसलो होतो. मग आबांचं नाव वर आलं, ते काहीतरी लिहीत होते. बराच वेळ लिहीत होते. 

'नोंद घेतली. धन्यवाद सर.'