शिवेचा दगड, व्हिजिटर पार्किंगमध्ये

पिंपरीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमधून कारंजवाडीची कमान मी इतक्या वेळा पाहिली आहे, की तिच्यावरच्या दोन सिमेंटच्या सिंहांपैकी कुणाचं शेपूट तुटलंय ते डोळे मिटून सांगेन. पण कमानीच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. लोक हिमालयात जाऊन येतात आणि ब्लॉग लिहितात. मी कारंजवाडीला जाऊन आलो, त्याची ही हकिकत.

निमित्त बबनचं. तो माझ्याच लाइनवर काम करतो आणि मूळचा तिथला. "रविवारी भैरवनाथाची पालखी हाय. या की राव, का आमचं गाव फक्त खिडकीतनंच बघणार?" असं त्यानं डब्याच्या सुट्टीत चारचौघांत सुनावलं. मग नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. पिंपरीहून भोसरी, भोसरीहून मोशी, दोन्हीकडे शहर बस मिळते. मोशीहून शेअर रिक्षा, माणशी वीस रुपये. सकाळी लवकर निघा. चैत्राचं ऊन नऊनंतर डोक्यावर बसतं आणि चाकण रस्त्यावरचे कंटेनर रविवारीही सुट्टी घेत नाहीत. टोपी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या.

कमानीतून आत गेलं की डावीकडे पावडर कोटिंगचं वर्कशॉप, उजवीकडे मोबाईलचं दुकान, आणि मग अचानक एक मोठा पार, त्यावर पिंपळ, पिंपळाखाली पत्ते कुटणारी मंडळी. देऊळ दगडी, बुटकं, आत गार. मी डोळे मिटून क्षणभर बसलो. बाहेर ढोल तापवत होते, तरी आत शांत वाटलं. माझं गाव धाराशिवकडचं. तिथल्या देवळातही असाच तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास असतो.

बबनच्या घरी चहा झाला. त्याचे वडील सोपानतात्या पालखीचे पुढचे मानकरी. डोक्याला गुलाबी फेटा, पण चेहरा काही जत्रेचा नव्हता. कारण बबननं सांगितलं. गावाच्या चार दिशांना शिवेचे चार दगड. वर्षातून एकदा पालखी चारही दगडांना टेकवायची. एकदा खांद्यावर घेतली की देवळात परत येईपर्यंत जमिनीवर ठेवायची नाही. आणि सलग दोन वर्षं पालखी ज्या दगडाला पोचली नाही, तो दगड गावानं सोडला असं धरायचं. पुढं देव तिकडं जात नाही.

"मग?"

"मावळतीचा दगड सोसायटीच्या आत गेलाय. मागल्या साली गेटवरनं माघारी फिरलो. औंदा फिरलो तर गेला."

निघालो. तात्यांबरोबर चालणं म्हणजे गावाचा इतिहास पायांनी वाचणं. गोदामापाशी म्हणाले, "हितं आमचा हरभरा." टायरच्या दुकानापाशी, "हितं मोटंची हीर. पानी असं गोड, का बैलं हलायची न्हाईत." मी विचारलं, गाव महापालिकेत गेल्यावर बरं झालं का? "नळ आला, दिवं आलं. खोटं कशाला बोलू? पन पंचायत होती तवा सरपंचाच्या दारात जाऊन भांडता यायचं. आता तक्रार मोबाईलवर. भांडायला मानूसच न्हाई!"

पहिला दगड ओढ्याकाठी, दुसरा शाळेच्या भिंतीत, तिसरा हायवेच्या कडेला. तिथं पालखी टेकवताना ट्रकवाल्यांनीही हॉर्न बंद ठेवून हात जोडले. वाटेत कुणी ताक दिलं, कुणी कलिंगड. खिशात हात घालायची वेळच आली नाही.

मग आलं गेट. बारा मजल्यांचे मनोरे, कारंजं, इंग्रजी नाव. गेटवरचा वॉचमन परभणीचा, भला माणूस, पण त्याच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये ॲप.

"कोन्त्या फ्लॅटला जायचं?"

"फ्लॅटला न्हाई, दगडाला," तात्या म्हणाले.

"दगडाचा नंबर नाही ना ह्याच्यात, काका. कुनी तरी आतून हो म्हनावं लागतंय. मला बी नोकरी हाय."

सेक्रेटरी गावाला गेलेले, फोन लागेना. ढोल थांबले. पालखी खांद्यावरच होती. खाली ठेवता येत नव्हती, म्हणून पोरं आळीपाळीनं खांदा बदलत होती. घाम टपकत होता.

"तात्या, देवाला ओटीपी आलाय का बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. तात्या हसले नाहीत.

"हितनंच हात जोडू आन् फिरू," दुसरा म्हणाला. "देव काय रागावतोय व्हय?"

"देव न्हाई रागावत," तात्या म्हणाले. "पन मी सांगू काय त्याला, तुजी शीव गेटापर्यंतच हाय म्हून?"

मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. दुसरं हाती काही नव्हतं.

पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात तसाच ठेवून ती मघापासून खाली बघत होती. चिमटा काढून तिनं विचारलं, "पालखी का थांबवलीत हो?"

वॉचमननं सांगितलं. ती आत गेली. मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात वॉचमनचा मोबाईल वाजला आणि बाई ओला हात पदराला पुसत खालीच आली.

"माझ्याकडचे पाहुणे म्हणून टाका. मी गुहागरची. आमच्याकडे शिमग्याला पालखी घरात येते, तिला कुणी नंबर विचारत नाही."

"पाव्हन्याचं नाव काय टाकू?"

"भैरवनाथ," तात्या ताठ होऊन म्हणाले.

"आन् फोटो लागतोय."

वॉचमननं चप्पल काढली, मग देवाच्या मुखवट्याचा फोटो काढला. गेट उघडलं. ढोल असे वाजले, की सगळ्या बाल्कन्या भरल्या.

दगड व्हिजिटर पार्किंगमध्ये होता, दोन गाड्यांच्या मध्ये. पार्किंगचा पिवळा पट्टा मारणाऱ्यानं दगडापाशी येऊन ब्रश उचलला होता आणि पलीकडून पुन्हा सुरू केला होता. तात्यांनी शेंदूर लावला, पालखी टेकवली आणि तिथंच, गाड्यांच्या मध्ये, फरशीवर बसून राहिले. बाईनं घरातून नारळ आणून तिच्या कोकणातल्या रीतीनं पालखीची ओटी भरली. तिचे डोळे भरून आले होते. तिच्या गावची पालखी यंदा तिला चुकली होती.

"ताई, पुढल्या साली बी तुमचंच पाव्हनं," तात्या म्हणाले.

"आमचं भाड्याचं घर, तात्या. अकरा महिन्यांचं अग्रीमेंट. पुढच्या वर्षी कुठे असू, कोण जाणे."

तात्यांनी मान हलवली. "बघू. कुनीतरी आसंल."

दुपारी पारावर पंगत बसली. पुरणपोळी, गुळवणी आणि झणझणीत आमटी. जेवायला जायचं तर पालखी परतल्यावर जा. आधी कुणी ताट वाढत नाही.

संध्याकाळी घरी आलो. कपाळावरचा भंडारा बघून बायकोनं विचारलं, "काय पाहिलंत एवढं?" मी म्हटलं, पार्किंग. तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि आपली बिल्डिंग कुठल्या गावाच्या रानात आहे?"

इथं राहायला येऊन इतकी वर्षं झाली, आणि या जमिनीचा देव कोण, शीव कुठं, मी कधी विचारलंच नव्हतं. खाली वॉचमनकडे गेलो. त्यालाही माहीत नव्हतं.

"बरं," मी म्हटलं, "एक लक्षात ठेव. कधी इथं गेटवर पालखी आली आणि कुठल्या फ्लॅटला टाकू असं झालं, तर थांबवू नकोस. आमच्या फ्लॅटवर टाक."

"कोण येणार आहे का, साहेब?"

"पाहुणे," मी म्हटलं. "आधी कळवून येत नाहीत ते."