दोन थापा

आत्याने दारावर दोन थापा मारल्याशिवाय आमची गाडी हलत नसे. एस.टी.त उभी हयात कंडक्टरकी केलेली बाई. निवृत्तीबरोबर घंटा सुटली, पण सवय कुठे सुटते? जुन्या मिनीबसचा पत्राच तिने घंटा करून टाकला. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. स्टिअरिंगवर तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, नाना. बहिणीशी ते जन्मभर भांडत आले, पण त्यांनीही एस.टी.च चालवलेली. दोन थापा पडल्या की त्यांचा पाय आपोआप दबायचा.

गाडी घेतली होती पारनेर दाखवायला. गावाने कपाळाला हात लावला. आमच्या या माळावरच्या गावाला लोक कचेरीच्या कामाला येतात, बघायला कोण येतंय? आत्या म्हणायची, "ज्याला दावलंच न्हाई, त्यो बघंल कसा?" टाकळी ढोकेश्वरची लेणी, वडगावचा दर्या म्हणजे तिथली खोल घळ आणि शेवटी निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, अशी तिची फेरी. नाना रिकाम्या सीटांकडे बघून सुस्कारे सोडायचे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "रिकामं शीट पुढच्या स्टॉपच्या मानसाचं आसतंय." पुढचे स्टॉप येत राहिले, माणूस काही चढेना.

अखेर नानांनी निर्वाणीचं सांगितलं. गाडीला गिऱ्हाईक आलं होतं. रविवारी नगरच्या भिशीतल्या बायका येणार होत्या. त्या खूश होऊन गेल्या तर ठीक, नाहीतर सोमवारी गाडी द्यायची. आत्या फडकं घेऊन रिकाम्या सीटा पुसायला लागली. ती अशी उगाच पुसायला लागली म्हणजे घाबरलेली असायची.

रविवारी लेणी झाली, दर्या झाला, बायका मजेत होत्या. निघोजच्या अलीकडे समोरून येणाऱ्या एका शेतकऱ्याने हात केला. "नाना, माघारी फिरा. बंधारे भरायला नदीला पानी सोडलंय. घटकाभरात सगळे रांजण बुडत्यात."

नानांनी गाडी बाजूला घेतली. रांजण बुडाले म्हणजे निघोजला दाखवायचं काय? भिशीच्या मुख्य बाईंचा चेहरा पडला. "अहो, आम्ही तर खास त्यासाठीच आलो होतो," त्या म्हणाल्या.

"चल अक्का, संपलं आता," नाना हळूच म्हणाले.

आत्याने खिडकीतून बाहेर बघितलं. मग दारावर दोन थापा मारल्या. नानांनी तोंड उघडलं होतं, पण पाय आधीच दबला होता.

काठावर पोचलो तेव्हा पात्र कोरडंच होतं. काळा खडक आणि त्यात पाण्याने कोरलेले खोल रांजण. आत्याने सगळ्यांना उंचावर उभं केलं. "कुनीबी खाली उतरायचं न्हाई. रिकामे रांजण समद्यांनी बघितल्यात. भरताना बघायला नशीब लागतं."

आणि पाणी आलं. आधी खडकावरून एक बारीक धार, मग तिच्यामागे सगळी नदीच. एक रांजण भरून दुसऱ्यात सांडायचा, दुसरा तिसऱ्यात. आतले गोटे गडगडायला लागले. "ऐका," आत्या म्हणाली, "ह्याच गोट्यांनी घासून घासून हे रांजण केल्यात." गावातल्या बायका नदीची ओटी भरायला आल्या होत्या. त्यांनी भिशीवाल्यांनाही हळदकुंकू लावून पुढे घेतलं. आपल्या नदीचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

निघताना मुख्य बाई आत्याचा हात सोडेनात. "पुन्हा पाणी सुटलं की आधी आम्हाला फोन करा."

सोमवारी गिऱ्हाईक आलं. नाना शांतपणे म्हणाले, "मी डायवर हाय. कंडक्टरला इचारा." आत्याने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढे पाणी सुटायचा अंदाज आला की आमचा फोन थांबायचा नाही. पण गेल्या वर्षी आत्याचे गुडघे गेले आणि माहिती सांगायला मी जाऊ लागले. पहिल्या दिवशी माणसं बसली, दार लागलं, इंजिन सुरू झालं, तरी नाना जागचे हलेनात.

"नाना, चला की."

"बेल कुठं झालीया?"

भिंतीला धरत आत्या ओट्यावरून उतरली, गाडीपाशी आली आणि तिने दारावर दोन थापा मारल्या. मी मागे वळून बघितलं. गाडी इतकी गच्च भरली होती की तिला बसायलासुद्धा जागा उरली नव्हती, आणि ती दाराबाहेर उभी राहून हसत होती.