खुराड्यावरची चावी

तुमच्या पोराच्या शाळेचा चॅनल तुम्ही शेवटचा कधी बघितला? अंगठा दाबून पुढं जायला नव्हे. आवाज मोठा करून, आपलं पोरगं त्यात काय बोलतंय ते ऐकायला?

न्हाई ना बघितला? मग मेहरुनची गोष्ट ऐका.

आधीच सांगतो, मेहरुन हे तिचं खरं नाव नव्हे. पोरीचंही बदललंय. शाळा कुठली ते लिहिणार नाही. पुणे-सोलापूर रोडला, भांडगावच्या आसपासची एक वस्ती, एवढ्यावर भागवा. हे का, ते पुढं तुमचं तुम्हालाच कळेल.

मेहरुन माहेरची मांडवगण फराट्याची. नदी ओलांडून इकडं दौंड तालुक्यात दिली. नवरा महबूब ट्रकवर ड्रायव्हर, एकदा गेला की महिना महिना तोंड दिसत नाही. हिची हायवेला अंडाभुर्जीची गाडी. गाडी अशी लावते की पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला. मागून कुणी यायला नको. पेमेंट आल्याचं बोलणारा डबा कांद्याच्या टोपलीजवळ ठेवलेला. एका पोरानं एकदा मोबाईलवर पैसे गेल्याचं खोटंच चित्र दाखवून दोन प्लेट खाल्ल्या, तेव्हापासून गिऱ्हाईकानं मोबाईल पुढं केला की ही बघतच नाही. "डबा बोलू दे, मग जावा," म्हणते. संशयी बाई म्हणून लोक हसतात. मी म्हणतो, रस्त्यावर धंदा करणाऱ्या बाईनं दुसरं काय असावं?

एका दुपारी एक अनोळखी माणूस आला. भुर्जी खाल्ली, हात पुसता पुसता म्हणाला, "लुबनाला आणत न्हाई का गाडीवर?"

मेहरुनचं उलथनं थांबलं. "कोण लुबना?"

"तुमचीच की. लई धीट हाय पोरगी. कुणाला भीत न्हाई म्हणती." हसला, सुटे पैसे ठेवले आणि मोटारसायकलला किक मारून गेला. मागच्या नंबरवर चिखल थापलेला. उन्हाळ्यात चिखल कुठला, हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

गॅस बंद केला आणि बाई घराकडं पळत सुटली. लुबना उंबऱ्यात बसून गणितं सोडवत होती. दार सताड उघडं.

"तुला कुणी भेटलं व्हतं? नाव विचारलं का कुणी?"

"न्हाई अम्मी."

"मग त्या माणसाला तुझं नाव कसं कळलं?"

"अम्मी, मी यूट्यूबवर हाय ना!" पोरगी केवढी खूश. "सरांनी टाकलंय. माझा परिचय!"

मी तिच्या गाडीवरचं रोजचं गिऱ्हाईक, तो व्हिडिओ मेहरुननं मला तिथंच दाखवला. तिसरीतली पोरगी फळ्यापुढं हाताची घडी घालून उभी. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं खणखणीत. आपल्याकडं पोराला बोलायला लागलं की पहिलं हेच शिकवतात आणि पाहुण्यापुढं उभं करून म्हणून घेतात. इथपर्यंत ठीक. पुढं ती म्हणते, "माझे अब्बा ट्रक चालवतात. ते खूप दिवसांनी येतात. अम्मीची रोडला गाडी आहे. शाळा सुटल्यावर मी एकटीच घरी जाते. चावी कोंबड्यांच्या खुराड्यावरच्या डब्यात असते. मी कुणाला भीत नाही." मग टाळ्या. खाली रंगीत अक्षरात 'धाडसी लुबना' आणि मागं ढोलकी.

(चावीची जागासुद्धा मी बदलून लिहिलीय. शोधू नका.)

मेहरुन शाळेत गेली. सत्यजीत सर तरुण माणूस, तंत्रस्नेही शिक्षक म्हणून तालुक्यात नाव. पोरांना टॅबवर पाढे म्हणायला लावतात, स्वतःच्या पगारातनं माईक आणलाय. वाईट माणूस नव्हे. पण लाईक मोजायची सवय लागली की चांगल्या माणसाचंही डोकं फिरतं, हे मी लई जागी बघितलंय.

"सर, तेवढा काढून टाका."

"ताई, आपला सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ आहे तो. पुरस्काराच्या प्रस्तावात त्याची लिंक दिलीय. थोडे दिवस थांबा."

"मी थांबते. त्या माणसाला थांबाया कोण सांगणार?"

"तुम्ही फारच संशय घेता, ताई."

शाळा समितीचे अध्यक्ष हौसराव तिथंच बसले होते. ऊस, बैठका, सोसायटी, सगळीकडं यांचाच शब्द. वर्गातला मोठा टीव्ही यांनीच दिलेला, टीव्हीवर यांच्याच फोटोचं स्टिकर. म्हणाले, "तुमच्यात फोटो चालत न्हाईत व्हय? आता पोरीलाबी बुरखा घालता का काय!"

"आप्पा, लग्नाचा अल्बम दावू का?" मेहरुन म्हणाली. "तुम्हीबी हाय त्यात, जिलेबी खाताना."

मला कळलं तेव्हा माझं डोकंच सणकलं. शाळेपुढं मांडी ठोकतो, पेपरवाले बोलावतो म्हणालो. तिनं गप्प केलं. "भाऊ, बोंब मारू नका. बोंब मारली की सगळा तालुका तोच व्हिडिओ शोधून बघंल."

खरं होतं. मी राग गिळला.

तोवर ती लुबनाला शाळेतनं थेट गाडीवर आणायची. पोरगी कांद्याच्या गोणीवर बसून अभ्यास करणार आणि ट्रकवाले "नाम क्या है बेटा?" विचारणार. घरी ठेवावी तर तो एक माणूस, गाडीवर आणावी तर असे शंभर.

मग पालकसभा झाली. बाई मागं हटत नाही म्हटल्यावर सर म्हणाले, सगळ्यांसमोरच व्हिडिओ लावतो, यात वाईट काय ते दाखवा. टीव्ही लागला. एक पोरगं झालं, दुसरं झालं, आयाबाया कौतुकानं हसतायत. तिसरा हृतिक, हौसरावांचा नातू.

"माझे आजोबा बँकेवर विश्वास ठेवत नाहीत. आजीचे सोने ज्वारीच्या कणगीत आहे. गुरुवारी आम्ही सगळे देवाला जातो. घरी फक्त टॉमी असतो. टॉमी चावत नाही."

मग हौसराव उठले. "बंद कर! आरं ए मास्तर, बंद कर आधी ते!"

सरांना रिमोट सापडेना. सापडला तर भलतंच बटण दाबलं. हृतिक तोंड उघडं ठेवून पडद्यावर अडकला, वर आजोबांचं स्टिकर. मागनं मेहरुनची शेजारीण साळूबाई म्हणाली, "आप्पा, सोन्याला तेवढा बुरखा घाला बरं का!"

मेहरुन हसली नाही. ती सरांच्या मोबाईलकडं बघत होती.

सगळे व्हिडिओ तिथंच, चहा यायच्या आत निघाले. माझा राग इथंच आहे. मुलाण्याच्या पोरीसाठी जे निघत नव्हतं, ते कणगीतल्या सोन्यासाठी चुटकीत निघालं. सर मात्र नंतर गाडीवर आले, खाली मान घालून म्हणाले, "ताई, पोरं काय बोलतात ते मी ऐकतच नव्हतो. आवाज स्वच्छ येतोय का, तेवढंच बघत होतो."

गोष्ट संपली असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं.

परवा एक टेम्पोवाला गाडीवर मोबाईल बघत हसत होता. मेहरुनच्या कानावर आवाज आला, "मी कुणाला भीत नाही." उलथनं हातात तसंच धरून ती त्याच्यापुढं उभी राहिली. त्यानं घाबरून व्हिडिओ पुसला. म्हणाला, "वहिनी, मला तर ग्रुपवर आला. गंमत म्हणून फिरतोय." कुठल्या ग्रुपवर, तिथं कुठून आला, त्याला ठाऊक नव्हतं.

घराचं कुलूप बदललंय. नवी चावी लुबनाच्या गळ्यात, फ्रॉकच्या आत. शाळा सुटली की ती साळूबाईच्या पडवीत बसते. चिखलाच्या नंबरवाला परत आला नाही. "आला न्हाई, त्याचाच मला जास्त संशय येतो," मेहरुन म्हणते आणि गाडीवर थांबणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलचा आधी नंबर बघते, मग अंडं फोडते.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. फळ्यापुढं उभी राहून घराची चावी कुठं असते ते सांगणारी एक पोरगी तुमच्याही मोबाईलवर येईल. हसू नका, पुढं पाठवू नका. तिथल्या तिथं पुसा, आणि ज्यानं पाठवलाय त्यालाही पुसायला लावा.