छबूबाईनं अडवलेली पंगत

छबूबाई रागावली की बोलत नसे, भांडी घासायला बसे. त्या पौषात तिनं सणसरच्या दवाखान्यातली सगळी पातेली घासून घासून पांढरी केली.

"छबू, काय झालं?" गेनाबाईनं विचारलं.

"कुठं काय. भांडी हायेत, घासतीया."

गेनाबाईचं खरं नाव ग्वेन. वेल्समधल्या मेंढपाळाची ही लेक नर्सिंग शिकली आणि ख्रिस्ताच्या नावानं बिनपगारी सेवा करायला तीन वर्षांच्या बोलीवर इकडं आली. गावानं पहिल्याच आठवड्यात ग्वेनची गेना केली. मराठी ती दवाखान्यात येणाऱ्या बायकांकडून शिकली, म्हणून पुण्याच्या साहेबापुढंही ती 'व्हय' आणि 'न्हाय'च म्हणे.

आता तिची तीन वर्षं भरत आली होती. तिच्या जागी दुसरं कुणी येणार नव्हतं. बारामतीच्या मिशनचे कारभारी बापूसाहेब तिला स्पष्ट सांगून गेले होते. "मुदत वाढवायची असेल तर मी पुण्याच्या बैठकीला निघायच्या आत सांगा. तुम्ही गप्प राहिलात तर दवाखान्याला कुलूप."

आणि दवाखान्याला कुलूप म्हणजे छबूबाईच्या हातांना कुलूप. ती कुंडलिक तात्यांची थोरली सून. नवरा हिवतापानं गेला, पदरी मूल नाही. दवाखान्यात पाणी भरायला म्हणून गेली आणि जखमा धुवायला, टाके घालायला, बाळंतपण करायला शिकली. तात्यांनी परवानगी देतानाच अट घातली होती. "बाई हाय तवर जा. तिच्या सोबतीनं जातीस तर कुणी नाव ठिवणार न्हाय. बाई गेली की आपलं घर आन् आपलं जातं."

"मग ऱ्हा म्हण की तिला," शेजारची द्वारकाबाई कालव्यावर धुणं आपटता आपटता म्हणाली.

"कसं म्हणू? माहेरला निघाल्याल्या लेकीच्या आडवं जातं का कुणी?"

"त्येबी खरंच."

सणसरात हा कायदाच होता. लेक माहेरी निघाली की तिच्या वाटेत उभं राहायचं नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही, हसून बोळवण करायची. म्हणून अख्खं गाव हसत होतं. जो तो येऊन बोटीचीच चौकशी करी. बोट केवढी असती? तिच्यावर चूल पेटिवत्यात का? म्हस चढंल का?

गेनाबाई सगळ्यांना उत्तरं देई आणि संध्याकाळी एकटीच दिव्यासमोर गुडघे टेकून बसे. तिला राहायचं होतं. पण ज्या गावाला आपल्या जाण्याचा एवढा आनंद, तिथं मुक्काम वाढवायचा तो कुणासाठी? राहू की जाऊ, कुणाच्या तरी तोंडून सांग, असं ती देवाला रोज म्हणे. कुणी सांगत नव्हतं.

शेवटी तात्यांनी चावडीपुढं विषय काढला. "बाई पैसा न घेता आपल्यासाठी राबली. म्हंजी ही इर्जिकच झाली का न्हाय?"

एखाद्याचं रान नांगरायचं मागं पडलं की तो गावाला इर्जिकीला बोलावतो. लोक आपापली औतं घेऊन येतात आणि फुकट राबतात. सकाळी बांधावर न्याहारी, आणि रान संपलं की मालकाकडं गोडाचं जेवण. मजुरी कुणी घेत नाही, पण जेवणाला कुणी चुकत नाही.

"मग इर्जिकीचं जेवण घातल्याबिगर तिला कसं धाडायचं?" तात्या म्हणाले. गावाला पटलं.

बापूसाहेब पुण्याला निघणार होते त्याच दिवशी सकाळी पंगत बसली. दवाखान्यापुढं सडा-रांगोळी, कोपऱ्यात हलगी, पुरणाचा वास पार कालव्यापर्यंत. गेनाबाई मधल्या पाटावर मांडी घालून बसली होती. छबूबाई पळी घेऊन कटाची आमटी वाढत होती. सासऱ्याच्या पानासमोर आली आणि थांबली.

"मामंजी, इर्जिकीचं जेवण कवा घालत्यात?"

"रान संपल्यावर. ह्ये काय इचारणं झालं?"

"आन् अर्ध्या रानात औत सोडून कुणी पानावर बसलं तर?"

हलगी थांबली. तात्यांनी सुनेकडं वर बघितलं.

"मला इचारा की," पंगतीच्या टोकाकडून त्यांचा धाकटा मुलगा रामहरी म्हणाला. "मागल्या इर्जिकीत नांगराची दोन तासं ऱ्हायली हुती म्हणून ह्यांनी माझ्या हातातला घास खाली ठिवाय लावला. पोटच्या पोराच्या."

पंगत खदखदली. तात्या हसले नाहीत. "मोडता येत न्हाय रीत. रान संपल्याबिगर जेवण न्हाय."

"मग ही पंगत व्हणार न्हाय," छबूबाई म्हणाली. "रान अर्धंच नांगारलंय. ते रान म्हंजी मी. सरळ पोर मी सोडवीन. उद्या पायाळू अडलं तर? पाय आधी आलं तर कसं धरायचं ते मी निस्तं बघितलंय, माझ्या हाताला अजून ठावं न्हाय. घरात जात्यावर बसून त्या बाळंतिणीचं वरडणं ऐकू का मी?"

"अगं, ती माहेरला चाललीया," द्वारकाबाई कुजबुजली.

"म्हणून तर आजवर गिळून बसले. माहेरच्या वाटंत आडवं जाणं पाप असलं तर लागू दे मला." छबूबाई गेनाबाईकडं वळली. "बाई, तुमी ऱ्हावा."

गेनाबाईनं दुधात बुडवलेला पोळीचा तुकडा उचललेला होता. तो तिनं परत पानात ठेवला.

"समद्यांनी मला बोटीचं इचारलं," ती म्हणाली. "ऱ्हा असं एकानंबी म्हटलं न्हाय. मला वाटलं, माझं काम संपलं."

"आमाला वाटलं, तुमचा जीव माहेराला लागलाय," तात्या म्हणाले.

"लागलाय की. पण तिकडंबी शेजारी इर्जिकीला येत्यात, मेंढ्यांची लोकर कातराय. एकजण अर्धी मेंढी कातरून घरी गेला, तर माझा बा वरीसभर त्याच्याशी बोलला न्हाय. मी अर्धं रान टाकून गेले, तर मला तरी दारात उभी करंल का?" ती उठलीच. "मी देवाला म्हणत हुते, कुणाच्या तोंडून तरी सांग. पंगतीत सांगंल असं वाटलं न्हवतं. छबू, आणिक एक वरीस. ऱ्हाते मी."

हलगीवाल्यानं टिपरू उचललं, तेवढ्यात रामहरी ओरडला, "आन् बापूसाहेबांची गाडी? दुपारी सुटती की ती."

मग जी पळापळ झाली ती सांगता सोय नाही. रामहरीनं छकड्याला शर्यतीचे खोंड जुंपले. गेनाबाई चढली, मागून छबूबाई चढली, तिच्या हातात आमटीची पळी तशीच. तात्या मागून बजावत होते, "पानाला कुणी हात लावायचा न्हाय."

कालव्याकडेचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मागं धुळीचा लोट. एका गुऱ्हाळावरून हाक आली, "रस घेऊन जावा, बाई."

"येताना," गेनाबाई छकड्यातून ओरडली.

पिंपळीपाशी मेंढरांचा अख्खा कळप रस्त्यात आडवा. रामहरीनं कासरे खेचले. धनगर लांब बांधावर, मेंढरं जागची हलेनात.

"संपलं," रामहरी म्हणाला.

गेनाबाईनं खाली उडी मारली, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की खोंडांनीही कान टवकारले. लांब शीळ, मग तुटक, मग पुन्हा लांब. मेंढरं दचकून एका अंगाला झाली आणि मध्ये वाट मोकळी.

"कुठल्या धनगरवाड्याची म्हणायची ही बाई?" धनगरानं विचारलं.

"सणसरची," छबूबाई म्हणाली. छकडा पुढं गेलासुद्धा.

बारामतीच्या स्टेशनात शिरले तेव्हा दौंडच्या गाडीनं शिट्टी दिली होती. बापूसाहेब खिडकीशी बसले होते. धुळीनं माखलेली गोरी बाई आणि पळी उगारून धावणारी छबूबाई बघून ते अर्धवट उभे राहिले.

"काय झालं? कोण आजारी आहे?"

"कुणी न्हाय," गेनाबाई गाडीबरोबर चालत धापा टाकत म्हणाली. "मी ऱ्हाते. एक वरीस. बैठकीत सांगा."

"पण समिती कारण विचारील."

"सांगा, इर्जिक अर्धी हाय."

बापूसाहेब मूळचे इंदापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. क्षणभर त्यांनी दोघींकडं बघितलं. मग गाडीच्या खडखडाटातून त्यांचा आवाज आला, "मग औत सोडू नका. समितीचं मी बघतो."

छबूबाई फलाटावरच खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं पळी पदरानं पुसली.

गुऱ्हाळावर रस पिऊन, दिवेलागणीला परतले तर पंगत जागेवरच. पोरांना तेवढं खाऊ घातलं होतं. मोठी माणसं पानांवर फडकी झाकून बसलेली, आणि समोर तात्या राखणीला.

"मामंजी, जेवला न्हाईसा?"

"रान संपलं का?"

"न्हाय. बाई ऱ्हायल्यात."

"मग जेवण कसलं?"

एवढं पुरण, एवढ्या पोळ्या. लोक एकमेकांकडं बघू लागले. रामहरीनं कपाळाला हात लावला. तात्यांनी सगळ्यांना पुरेसं ताटकळू दिलं. मग खाली बसले आणि स्वतःच्या पानावरचं फडकं काढलं.

"रानात कामाला लागल्याल्या माणसाला न्याहारी मिळती. ही न्याहारी हाय. जेवण येत्या वरसाला. वाढ, छबू. आन् सकाळी लवकर जा दवाखान्यात, रान पडून ऱ्हायलंय."